वाळवी न लागलेले कागद

अहो, तुमचा पेपर अजून येतो. बंद कर म्हणून डेपोजवळच्या स्टॉलवाल्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही. नाशिकचा गठ्ठा सिल्वासात पोचेपर्यंत दुपार होते, मग तो सायकलवरून येतो आणि पेपर फाटकाच्या कडीत अडकवून जातो. तुम्हाला नेलं त्या दुपारीही त्यानं अडकवला होता. खांदेकरी फाटकातून बाहेर पडताना धक्का लागला आणि पेपर खाली पडला. तुमच्या कंपनीतले युवराजभाऊ मागे राहिले, त्यांनी तो उचलला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात देत म्हणाले, "वहिनी, दादांचा पेपर." जमलेल्या बायका माझ्या रडण्याची वाट बघत होत्या आणि मला मात्र राग आला होता. तुमचा नाही, त्या पेपरचा. मी तो टीव्हीच्या मागे भिरकावून दिला. अजून तिथेच आहे.

आता तेरावं झालं, पाहुणे गेले, भाड्यानं आणलेली सतरंजी परत गेली. लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलून गेले. कधी कुणाशी वर आवाज करून बोलले नाहीत, म्हणे. त्यांना काय ठाऊक, एका कात्रणाला कडेनं चीर गेली तर तुमचा आवाज कुठवर चढायचा ते! पण आज मला तुमची स्तुती करायची नाही आणि उणंदुणंही काढायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, तेवढं मला पुरं करायचंय. तुम्ही नेहमीसारखे मधूनच उठून गेलात.

भांडण मागच्या खोलीचं आहे.

वैशूला सातवा लागलाय. या अवस्थेत मयताच्या घरी नको म्हणून नाशिकहून तिला येऊ दिलं नाही, बापाचं शेवटचं तोंडसुद्धा पोरीला बघता आलं नाही. व्हिडीओवर दाखवतो म्हणाले जावई, मीच नको म्हटलं. आता पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे तर तिच्या लग्नातच ठरलेलं. ती येणार, सव्वा महिना राहणार, आणि आपल्या या डोकमर्डीच्या घरात बाळ-बाळंतिणीला द्यावी अशी खोली एकच. तुमच्या कागदांची.

आज सकाळपासून मी त्या खोलीच्या दाराशी ओलं फडकं लावून ठेवलंय, ते का हे सांगते.

आधी तुमची बाजू सांगते, म्हणजे एकतर्फी बोलले असं व्हायला नको. तुम्ही कागद जपायला लागलात त्यामागे तुमचे वडील होते. त्यांचा एकच फोटो, तोही पेपरात आलेला. कापूस विकायला निघालेल्या गाड्यांची रांग, आणि पुढच्या गाडीवर डोक्याला फडकं गुंडाळून बसलेले मामंजी, नखाएवढं तोंड. खाली त्यांचं नावही नव्हतं. पण तुम्ही लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तो कागद मला दाखवलात, नवी सून सासऱ्याच्या पाया पडते तसा त्याला नमस्कार करायला लावलात. मला हसू आलं होतं. मामंजी मी कधी पाहिले नाहीत, माझ्यासाठी ते तेवढेच होते.

मग आपण कामासाठी इकडे आलो, रांधा गावात खोली घेतली. एकदा गावी लग्नाला जाऊन परत आलो आणि तुम्ही पेटी उघडलीत. वरून सगळं ठीक दिसत होतं. हात लावला तर आत माती. वाळवीनं तळ फोडून पेटी पोखरली होती. बातम्या, लग्नपत्रिका, मामंजी, सगळं एकजात. तुम्ही दुपारभर त्या पेटीशी बसून राहिलात, चहा दिला तो गार झाला. संध्याकाळी एवढंच बोललात, "मना बापना एकच फोटू व्हता." तेव्हापासून तुमचं आणि वाळवीचं वैर सुरू झालं.

लोक कडुनिंबाचा पाला ठेवतात, डांबराच्या गोळ्या ठेवतात. तुम्हीही ठेवल्यात. पण इथली हवा अशी ओली, की जून ते दिवाळी मीठसुद्धा डब्यात सुटं राहत नाही. बुरशी आली, कसर आली. मग तुमची बदली कंपनीच्या स्टोअरमध्ये झाली. धाग्याला रंग द्यायची कंपनी, तिथे कसले कसले ड्रम यायचे. एके दिवशी डब्याच्या पिशवीतून तुम्ही दुधाच्या पिशवीत बांधलेली पांढरी पावडर घेऊन आलात. हसत होतात. कितीतरी दिवसांनी तसे हसला होतात. ड्रम फुटला म्हणून बाजूला काढलाय, त्याच्या आसपास मुंगी फिरकत नाही, असं म्हणालात. नाव विचारलं तर म्हणालात, "त्याले नावच नही. लेबल फाटी गयं."

मग तुमचं शास्त्र सुरू झालं. कात्रण आधी उन्हात. मग त्यावर पावडरीची चिमूट, जुन्या बनियनच्या चिंधीनं अलगद पुसायची, जशी बाळाच्या अंगाला पावडर लावतात. मग गुंडाळी करून सूत गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळीत घालायची. त्या नळ्या कंपनीतून फुकट मिळायच्या, सिल्वासात त्यांना तोटा नाही. नळीच्या तोंडाला कापड, वर रबर. सबंध पेपर असला तर घडीच्या प्रत्येक पदरात चिमूट. रविवारी सगळ्या नळ्या खाली काढायच्या, बघायच्या, पुन्हा चिमूट, पुन्हा वर. आणि पान उलटायचं ते बोट जिभेला लावून. ती तुमची सवय मला लग्नापासून आवडायची, काय सांगू. शाळेतल्या गुरुजींसारखे दिसायचात.

कागद राहिले. खरंच राहिले, ते मी कबूल करते. काल बघितले तर एकाही पानाला भोक नाही, डाग नाही. एवढे पावसाळे गेले त्यावरून, पण इस्त्री करून ठेवल्यासारखे.

पण त्या खोलीत पाल टिकत नसे, हे तुमच्या कधी लक्षात आलं होतं का? माझ्या आलं होतं. स्वयंपाकघरात पाली, संडासात पाली, ओट्यावर झुरळं, नी मागच्या खोलीत काही म्हणजे काही नाही. झाडताना खिडकीखाली एखादी वाळलेली सापडायची. मी दाखवली तर तुम्ही म्हणालात, घर स्वच्छ आहे, देवाला नारळ फोड. आणि रमीलाबेनची मांजर? शेजारच्या मांजरीनं तुमच्या गठ्ठ्यांच्या मागे पिल्लं घातली होती. तुम्ही तिला हाकललं नाहीत, उलट वाटीत दूध ठेवलंत. पिल्लांचे डोळे उघडलेच नाहीत हो. एकेक करून गेली. मांजर त्यानंतर आपल्या कुंपणावरून जाताना त्या खिडकीपाशी आली की खाली उडी मारून रस्त्यानं वळसा घेते. अजून घेते, परवाच बघितलं.

तेव्हाच मी पहिल्यांदा तुम्हाला बजावलं, ती पावडर घरातून काढा. त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं. "काय व्हत नही वं. वाळवीले मारस, माणूसले नही." मी म्हटलं, तिला काय माणूस ओळखता येतो? तुम्ही हसलात. मग मी चिडले, मग तुम्ही चिडलात, मग नळी काखेत घेऊन मागच्या खोलीत जाऊन दार लावून बसलात. तीच आपली भांडायची पद्धत. मी बोलायची आणि तुम्ही त्याच खोलीत जायचात, जिच्यावरून भांडण.

पण तुमच्यासोबत मजाही आली, ते कसं नाकारू. दुधनीला नावेत बसायला गेलो होतो, वैशू लहान होती. धरणाच्या काठावर मी भजी घेतली. तुम्ही ती कागदावरची भजी पटापटा आमच्या दोघींच्या ओंजळीत ओतलीत, पोरीचा हात भाजला, आणि तुम्ही तो तेलकट कागद उन्हात धरून वाचायला लागलात. आपल्या तालुक्यातली बातमी होती, नदीवरच्या पुलाची. नाववाला हाका मारतोय, वैशू रडतेय, आणि तुमचं आपलं, "थांब ना, पूल झाला का ते तर पाहू दे." कागद अर्धा होता. पूल झाला की नाही ते कधी कळलंच नाही. तो कागद आहे तुमच्या नळीत, तेलाच्या डागासकट.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी असेपर्यंत तुम्ही रोज पेपर मला वाचून दाखवलात. आधी निधनवार्ता, मग बाजारभाव, मग बाकीचं. मी म्हटलं, मेलेल्यांपासून कशाला सुरुवात? तर म्हणालात, त्यांचं नाव आज आलं, परत येणार नाही, त्यांचा मान पहिला. मला पटलं होतं. मराठी शाळेत इतकी वर्षं शिकवलं मी, पण पेपर असा वाचायचा असतो हे तुमच्याकडून शिकले. परक्या मुलखात तुम्ही माझ्यासाठी गाव जागं ठेवलंत, हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते.

मग खोकला आला. आधी बोटांच्या टोकांची सालं निघायला लागली होती, ती तुम्ही थंडीवर ढकललीत. खोकला धुळीवर ढकललात. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं काम काय करता, तर छाती पुढे काढून म्हणालात, स्टोअरमध्ये, एकदम स्वच्छ काम. मी तिथेच म्हटलं, घरात एक पावडर आहे, त्यानं असेल का? डॉक्टर म्हणाले, नाव सांगा, मग काही तरी सांगता येईल. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की जसं मी भर सभेत तुमचं धोतर ओढलं. "साधं वाळवीचं औषध आहे," म्हणालात. नाव माझ्याकडेही नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि एक्स-रे वर धरून बराच वेळ बघत राहिले.

त्या पावडरीनंच झालं का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. ते माहीत नाही म्हणूनच तर माझी झोप उडालीय.

परवा मी पस्तीवाल्याला बोलावलं. इथे रद्दीला सगळे पस्तीच म्हणतात, तुम्ही या शब्दावर किती चिडायचात. तो आला, एक गठ्ठा उचलला, पानं फरफरवली आणि खूश झाला. "माजी, काय फस्क्लास माल ठेवला! बाकी घरचा तर उधई खाऊन टाकते. एक पान पण कापलेला नाय." उधई म्हणजे आपली वाळवी. "आपला सिंगचनावाला असाच कोरा पस्ती मागते," तो म्हणाला, "पुडी एकदम टाइट होते." आणि बोट जिभेला लावून पुढचं पान उलटणार, तेवढ्यात मी ओरडले. काय ओरडले ते मलाही आठवत नाही. त्यानं गठ्ठा टाकला. मी त्याला साबण दिला, नळाखाली हात चोळून धुवायला लावले, चूळ भरायला लावली. तो बिचारा घाबरून गेला, म्हातारी दुःखानं फिरली असं वाटलं असेल त्याला. शाळा सुटल्यावर तिथल्या फाटकासमोर त्या सिंगचनावाल्याच्या शेंगदाण्या-फुटाण्याच्या पुड्या घेऊन उभी राहणारी पोरं माझ्या डोळ्यांपुढे आली होती, ते त्याला काय सांगू?

म्हणजे विकता येत नाही. जाळावं म्हटलं तर धूर रमीलाबेनच्या घरात जाणार. पुरावं तर मागे बोअर आहे, नदीत सोडावं तर खाली गावं आहेत. तुम्ही अशी वस्तू करून ठेवलीत, की जी घरात नको आणि घराबाहेरही नको.

युवराजभाऊंना बोलावलं. ते खोलीत शिरलेच नाहीत. दारातून नळ्यांची उतरंड बघितली, उरलेली पावडर ज्या डब्यात होती तो बघितला, आणि तोंडाला रुमाल लावला. "वहिनी, त्या ड्रमले आम्ही हातमोजा घाल्याबिगर हात लावतस नही," म्हणाले.

"मग यांना कुणी सांगितलं नाही?"

"दादा स्वतःच सांगे आम्हाले. हातमोजा घाला, हातमोजा घाला करी."

अहो, दुसऱ्यांना सांगत होतात? मग घरी काय झालं होतं? बापासारखा जपलेला कागद हातमोजा घालून कसा धरायचा, असं काही होतं का तुमच्या मनात?

मी भाऊंना म्हटलं, कंपनीची ती गाडी येते ना, घाण माल न्यायला, तिच्यात हे सगळं जाऊ दे. ते खाली बघून म्हणाले, "कंपनीना माल घर कसा गया, असं इचारतीन. दादानं नाव खराब व्हई." बघतो म्हणून गेले ते गेले. फोन लावला तर वाजतो आणि बंद होतो.

मग काल मी ठरवलं, निदान खोली तरी मोकळी करू, कागद कुठे तरी एका कोपऱ्यात बांधून ठेवू. नाकाला पदर बांधला आणि दोन्ही हातांत दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवल्या. खिडकीशेजारच्या नळीतून एक बारकं कात्रण निघालं. मी होते त्यात. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरांचं नाटक बसवलं होतं, त्याची चार ओळींची बातमी आणि पुसट फोटो. माझ्याकडे तो कधीच नव्हता, तो दिवसही मी विसरले होते. हिरवी साडी होती, वेणीत अबोली होती, काळ्या-पांढऱ्या फोटोतही मला ते दिसलं. तुम्ही हे कधी कापलंत, कधी पुसलंत, किती रविवार खाली काढून बघितलंत? छातीशी धरावंसं वाटलं. पण हातात पिशव्या होत्या आणि कागदावर ती बारीक पांढरी साय होती, म्हणून मी हात लांब करून, तसाच तिरका धरून बघत राहिले. रडू तेव्हा आलं. तेराव्यापर्यंत आलं नव्हतं ते सगळं आलं, आणि डोळेही पुसता येईनात.

त्यानंतर माळ्यावर नजर गेली. वैशूचा पाळणा. तुमच्या हातानं कंपनीच्या जाड प्लॅस्टिकमध्ये बांधलेला, सुतळीच्या गाठी तुमच्याच. दवाखान्यात जायच्या आधी तुम्ही दोन दिवस दार लावून बसला होतात, ते याच कामाला, हे मला तेव्हा कळलं. मी तो खाली ओढला, सुतळी कापली.

पाळणा पॉलिश केलेला. कड्या नव्या. तळाशी वैशू जन्मली त्या दिवसाचा पेपर अंथरलेला, पहिलं पान वर, सुरकुती नाही. त्यावर माझ्या जुन्या लुगड्याची गोधडी. गोधडीच्या प्रत्येक पदरात, उशीच्या अभ्र्यात, दांड्यांच्या फटींत, सगळीकडे पावडर. हात राखला नव्हता तुम्ही. नातवंडाला मुंगी चावू नये, लाकडाला कीड लागू नये, म्हणून मुठी-मुठीनं शिंपडली होती. वास त्या पावडरीचा नेहमीचाच, पिकून उतरलेल्या केळ्यांसारखा. तुम्ही म्हणायचात, गावचा वास आहे.

अहो, काय केलंत हे? किती मायेनं केलंत!

माझं मन तरी मानेना. उगाच बाऊ करतेय का मी, असंही वाटलं. म्हणून गुळाचे दोन खडे घेतले. एक ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला, एक पाळण्याच्या पायाशी. आज सकाळी ओट्यावरचा खडा मुंग्यांनी काळा झाला होता. तिथून त्यांची एक रांग भिंतीनं निघाली होती, मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत नीट आली होती आणि उंबऱ्यावरून माघारी वळली होती. पाळण्याजवळचा गूळ जसाच्या तसा होता. मी दार ओढून घेतलं आणि फटीला ओलं फडकं लावलं.

दुपारी वैशूचा फोन आला. "आई, मागची रूम झाली का खाली? आणि ऐक ना, बाबा म्हणाले होते पाळण्यात माझ्यासाठी सरप्राइज ठेवलंय. मला तोच पाळणा पाहिजे हं, बाबांच्या हातचा."

तुम्ही सांगा, मी काय बोलायला हवं होतं? खरं बोलले असते तर पोरीला बाप दुसऱ्यांदा गेला असता, आणि तोही कसा! पोटुशी पोर, आयुष्यभर पाळणा म्हटलं की तिला तेच आठवलं असतं. आणि न बोलावं तर ती गाडीत बसली असती. फाटकाची कडी वाजली, तुमचा पेपर आला, तो आवाज फोनमधून तिलाही गेला असेल.

मी म्हटलं, "वैशू, तू इकडे येऊ नकोस. मीच नाशिकला येते, बाळंतपण तिथेच करू. तुझ्या सासूबाईंना मी सांगते, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत."

"का गं? काय झालं?"

"घरात वाळवी झालीय बाळा. मागची खोली पूर्ण गेली. कागद गेले, पाळणाही पोखरला. सगळीकडे औषध मारावं लागेल. तो वास बाळंतिणीला चालायचा नाही."

तुम्ही ज्या वाळवीला जन्मभर उंबऱ्यात पाऊल ठेवू दिलं नाही, तिच्याच नावावर मी तुमचं सगळं घातलं. रागवा माझ्यावर, उठून जा, दार लावून बसा.

पलीकडून ती रडत रडत म्हणाली, "बाबा असते तर लागूच दिली नसती गं वाळवी."

मी म्हटलं, "नसती दिली."